आठवा सर्व्हर : नवी आज्ञावली चालत्या कामात कशी बसवितात?



रेल्वेचे तिकीट, बँकेतील देवघेव, परीक्षेचा निकाल, रुग्णालयातील तपासणीचा अहवाल ही सारी कामे आज संगणकांवर अवलंबून आहेत. संगणकाने काय करावे हे सांगणारी जी सूचनांची मालिका असते, तिला आज्ञावली किंवा सॉफ्टवेअर म्हणतात. आज्ञावली एकदा लिहून पुरी झाली की पुढे ती वर्षानुवर्षे आपोआप चालते, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. कराचा दर बदलतो, नवा कायदा होतो, जुनी चूक ध्यानात येते, एखाद्या भामट्याला आत शिरण्याची फट सापडते. आणि प्रत्येक वेळी आज्ञावलीत दुरुस्ती करावी लागते. अशा दुरुस्त केलेल्या आज्ञावलीला नवी आवृत्ती म्हणतात.

पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली तरी जुनी प्रत वाचणाऱ्याचे काही अडत नाही. आज्ञावलीचे तसे नसते. ती त्याच क्षणी हजारो माणसे वापरीत असतात. पुलावरील वाहतूक चालू ठेवून त्याच्या फळ्या एकेक करून बदलाव्यात, तसे हे काम आहे. नवी आवृत्ती लिहिणे ही एक विद्या आणि ती चालत्या कामात सुखरूप आणून बसविणे ही दुसरी विद्या होय. पहिलीचे कौतुक होते. दुसरी नीट पार पडली तर ती झाली हेही कोणाला कळत नाही. या दुसऱ्या विद्येचा परिचय करून देणे, हा या लेखाचा हेतू आहे.

दोन शब्द, दोन अर्थ

या क्षेत्रात दोन इंग्रजी शब्द वारंवार कानी पडतात : डिप्लॉयमेंट आणि रिलीज. बोलताना ते एकाच अर्थाने वापरले जातात, पण त्यांत भेद आहे. नवी आवृत्ती प्रत्यक्ष यंत्रांवर नेऊन बसविणे म्हणजे डिप्लॉयमेंट. तिच्यातील नवी सोय लोकांना वापरावयास खुली करणे म्हणजे रिलीज. ग्रंथपालाने नवी पुस्तके आणून, क्रमांक घालून कपाटात लावली, ही पहिली क्रिया. सोमवारपासून ती वाचकांना देण्यास आरंभ केला, ही दुसरी. दोहोंमध्ये काही दिवसांचे अंतर ठेवता येते, आणि ते ठेवणे हिताचे असते. पुस्तके कपाटात नीट लागली आहेत की नाहीत, हे वाचकांची रीघ लागण्यापूर्वीच पाहून घेता येते.

हे अंतर ठेवण्यासाठी आज्ञावलीत एक खूण योजतात. खूण बंद असेतोवर नवी सोय यंत्रावर असूनही निद्रिस्त राहते. खूण चालू केली की ती जागी होते. इंग्रजीत तिला फ्लॅग, म्हणजे निशाण, असे म्हणतात. हे निशाण ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे मोठे काम आहे.

संगणकसेवेच्या कारभाराचे नियम एकत्र करण्याचा एक मोठा उद्योग ब्रिटिश सरकारच्या एका खात्याने 1980 च्या दशकाच्या अखेरीस हाती घेतला. त्यातून निघालेल्या ग्रंथमालेला आयटिल असे म्हणतात. तिच्या 2007 सालच्या आवृत्तीत रिलीज व डिप्लॉयमेंट यांचे व्यवस्थापन हे एकच प्रकरण होते. 2019 सालापासून पुढे आलेल्या चौथ्या आवृत्तीत त्याची दोन स्वतंत्र प्रकरणे झाली. वर सांगितलेला भेद केवळ शब्दांचा नाही, हे यावरून दिसेल.

आठ सर्व्हरांची कथा

नियम नुसते सांगितले तर ते कोरडे वाटतात. म्हणून एक घडलेली घटना पाहू. अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाची शेअरबाजारात खरेदी-विक्रीचे व्यवहार करणारी मोठी संस्था होती. ग्राहकांच्या मागण्या घेऊन त्या बाजारात पाठविण्याचे काम तिची एक आज्ञावली करीत असे. ही आज्ञावली आठ सर्व्हरांवर, म्हणजे सेवा पुरविणाऱ्या आठ मोठ्या संगणकांवर, बसविलेली होती.

न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात 1 ऑगस्ट 2012 पासून किरकोळ गुंतवणूकदारांसाठी एक नवी योजना सुरू व्हावयाची होती. तिच्यासाठी नाइट कॅपिटलच्या तंत्रज्ञांनी नवी आवृत्ती तयार केली आणि 27 जुलैपासून ती थोड्या थोड्या सर्व्हरांवर बसविण्यास आरंभ केला. सात सर्व्हरांवर ती बसली. आठव्यावर ती बसवावयाची राहून गेली. हे काम दुसऱ्या तंत्रज्ञाने तपासावे असा लेखी नियम तेथे नव्हता, आणि कोणी तपासलेही नाही.

एक सर्व्हर जुनाच राहिला तर फार तर एवढेच व्हावयास हवे होते की, त्याला नवी योजना कळू नये. पण येथे दोन जुनी दुखणी आडवी आली. त्या आज्ञावलीत 2003 सालापासून न वापरलेला एक भाग तसाच पडून होता. एका मोठ्या मागणीचे लहान तुकडे करून ते बाजारात पाठवीत राहणे, हे त्याचे काम. मूळ मागणी पुरी झाली की नाही हे मोजून त्याला थांबविणारी गणना 2005 साली त्या जागेवरून हलविण्यात आली होती, आणि त्यानंतर हा भाग पुन्हा तपासून पाहिलेला नव्हता. हे पहिले दुखणे. दुसरे असे की, या जुन्या भागाला जागे करणारे जे निशाण होते, तेच नव्या आवृत्तीत नव्या योजनेसाठी पुन्हा वापरले गेले. सात सर्व्हरांवर त्या निशाणाचा अर्थ ‘नवी योजना’ असा झाला. आठव्यावर त्याचा अर्थ अजून ‘जुना भाग चालू करा’ असाच होता.

1 ऑगस्टला सकाळी साडेनऊ वाजता बाजार उघडला. ग्राहकांच्या ज्या मागण्या त्या जुन्या भागाकडे गेल्या, त्यांची संख्या होती अवघी 212. आलेल्या मागण्यांपोटी आठवा सर्व्हर न थांबता बाजारात तुकडे पाठवीत राहिला. सुमारे 45 मिनिटांत 154 कंपन्यांच्या शेअरांचे 40 लाखांहून अधिक सौदे झाले आणि 39 कोटी 70 लाखांहून अधिक शेअरांची उलाढाल झाली. तंत्रज्ञांची धावपळ उडाली. नवी आवृत्तीच दोषी असावी असे समजून त्यांनी ती उरलेल्या सात सर्व्हरांवरून काढून टाकली. परिणाम उलटा झाला. आता आठही सर्व्हरांवर निशाणाचा अर्थ जुनाच झाला आणि आग अधिक भडकली.

या व्यवहारांत संस्थेचे 46 कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले. काही दिवसांतच तिला बाहेरच्या गुंतवणूकदारांकडून 40 कोटी डॉलरांचे भांडवल घेऊन तग धरावी लागली, आणि 2013 साली ती दुसऱ्या संस्थेत विलीन झाली. त्याच वर्षी अमेरिकेच्या शेअरबाजार-नियामक आयोगाने तिला 1 कोटी 20 लाख डॉलरांचा दंड केला. आयोगाच्या आदेशात आणखी एक गोष्ट नमूद आहे. त्या दिवशी बाजार उघडण्यापूर्वी संस्थेच्या यंत्रणेने कर्मचाऱ्यांना 97 ई-मेल पाठविल्या होत्या, आणि त्यांत त्याच जुन्या भागाचे नाव होते. अशा ई-मेल धोक्याची सूचना म्हणून वाचावयाच्या, अशी पद्धत तेथे नव्हती. म्हणून त्यांकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

शाळेच्या सूचनाफलकावर हाच प्रकार

हा गुंता शाळेच्या उदाहरणाने सोपा होईल. समजा, शाळेत आठ वर्ग आहेत आणि प्रत्येक वर्गात घंटेच्या ठोक्यांचे अर्थ लिहिलेला कागद लावलेला आहे. पूर्वी ‘दोन ठोके’ म्हणजे कवायतीसाठी मैदानावर जाणे, असा अर्थ होता; आणि परतण्यासाठी एक लांब घंटा होत असे. पुढे कवायत बंद पडली व लांब घंटाही बंद झाली, पण कागद काढावयाचे राहून गेले. आता मुख्याध्यापकांनी ठरविले की, दोन ठोके म्हणजे प्रयोगशाळेत जाणे. शिपायाने सात वर्गांत जुन्या कागदावर नवा कागद डकविला; आठवा वर्ग राहिला.

दुसऱ्या दिवशी दोन ठोके पडले. सात वर्ग प्रयोगशाळेकडे गेले, आठवा मैदानावर. परतण्याची घंटा तर आता होतच नाही. म्हणून ती मुले धावतच राहिली. गोंधळ पाहून कोणी घाईने सात वर्गांतील नवे कागद फाडून काढले. खालचे जुने कागद उघडे पडले, आणि पुढच्या दोन ठोक्यांना आठही वर्ग मैदानावर!

या उदाहरणात दोष एकट्या शिपायाचा आहे काय? जुने कागद वेळीच काढले असते, नव्या कामासाठी तीन ठोक्यांची नवी खूण ठरविली असती, कोणी एक शिक्षक आठही वर्गांतून फिरून आला असता, तर शिपायाची ती विसर निरुपद्रवी ठरली असती. मनुष्य केव्हातरी विसरणारच. त्याच्या विसरण्याने सारी शाळा बिघडू नये अशी व्यवस्था आधीच करून ठेवणे, यालाच व्यवस्थापन म्हणतात.

लहान बदल, मोठा अनर्थ

नाइट कॅपिटलच्या कथेत एका संस्थेचा पैसा बुडाला. दुसऱ्या एका घटनेची झळ सामान्य माणसांना लागली. क्राउडस्ट्राइक ही अमेरिकन संस्था संगणकांचे हल्ल्यांपासून रक्षण करणारी आज्ञावली पुरविते. 19 जुलै 2024 रोजी, भारतीय वेळेप्रमाणे सकाळी 9 वाजून 39 मिनिटांनी, तिने विंडोजवर चालणाऱ्या संगणकांसाठी माहितीची एक छोटी फाइल पाठविली. रक्षक आज्ञावलीजवळ 20 नोंदींची जागा होती. नव्या माहितीने एकविसावी नोंद मागितली. वीस खणांच्या कपाटात एकविसावा खण शोधावयास जावे, तसे झाले. ही आज्ञावली संगणकाच्या अगदी गाभ्यात काम करणारी असल्यामुळे तिच्याबरोबर संपूर्ण संगणक बंद पडला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे असे 85 लाख संगणक कोलमडले.

संस्थेने 78 मिनिटांत, 10 वाजून 57 मिनिटांनी, ती फाइल मागे घेतली. परंतु जे संगणक पडले होते ते पुन्हा पुन्हा सुरू होऊन बंद पडत. त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोहोचणार कशी? पुष्कळ ठिकाणी माणसाला प्रत्येक संगणकापुढे बसून ती फाइल हाताने पुसावी लागली. जगभर विमाने रखडली. अमेरिकेत व युरोपात काही रुग्णालयांना तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. आपल्या देशात हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास आले.

या संस्थेजवळ टप्प्याटप्प्याने जाण्याची पद्धत नव्हती असे नाही. मूळ आज्ञावलीची नवी आवृत्ती आली तर ती लगेच घ्यावी की एक-दोन आवृत्त्या मागे राहावे, हे ग्राहकांना ठरविता येत असे. पण ही तर केवळ माहितीची छोटी फाइल, असे मानून ती सर्वांना एकदम पाठविली गेली. दारावर पहारा होता, खिडकीवर नव्हता. यंत्राचे वागणे ज्याने बदलते तो प्रत्येक बदल म्हणजे नवी आवृत्तीच होय, मग तो चार ओळींचा का असेना. या घटनेनंतर त्या संस्थेने अशा फाइलीही टप्प्याटप्प्याने पाठविण्यास आरंभ केला.

सुरक्षित रीती

अशा अनुभवांतून ज्या रीती रूढ झाल्या, त्यांपैकी मुख्य रीती आता पाहू.

पहिली रीत तालमीची. नाटक रंगभूमीवर येण्यापूर्वी त्याची रंगीत तालीम होते. त्याचप्रमाणे खऱ्या यंत्रणेसारखी दुसरी यंत्रणा उभारून नवी आवृत्ती तेथे आधी चालवून पाहतात. तालमीचा मंच खऱ्यासारखा नसेल, तर तालीम व्यर्थ जाते.

दुसरी रीत टप्प्यांची. नवी आवृत्ती प्रथम शंभरात एका वापरणाऱ्यास द्यावी, काही वेळ निरीक्षण करावे, मग दहांना, मग पन्नासांना आणि शेवटी सर्वांना. पहिल्या लहान गटाला कॅनरी असे म्हणतात. पूर्वी ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत कॅनरी पक्ष्याचा पिंजरा नेत. विषारी वायूचा परिणाम माणसाआधी त्या पक्ष्यावर दिसे, आणि खाणकामगारांना बाहेर पडण्यास अवधी मिळे. 1986 साली ही प्रथा बंद करण्याचे ठरले, पण नाव संगणकशास्त्रात राहिले.

तिसरी रीत जोडीची. सारख्याच दोन यंत्रणा ठेवतात. एकीला निळी आणि दुसरीला हिरवी म्हणतात. लोक निळीवर काम करीत असताना हिरवीवर नवी आवृत्ती बसवून ती तपासतात, आणि मग येणाऱ्यांची वाट हिरवीकडे वळवितात. काही बिघडले तर वाट पुन्हा निळीकडे. जुनी यंत्रणा जागची हललेली नसते.

चौथी रीत परतीच्या वाटेची. तिला रोलबॅक म्हणतात. नवी आवृत्ती बसविण्यापूर्वीच मागे कसे यावयाचे हे लिहून ठेवावे आणि एकदा करून पाहावे. नाइट कॅपिटलचे तंत्रज्ञ मागे वळले ते पूर्वीपेक्षा वाईट ठिकाणी पोहोचले, हे आपण पाहिलेच. ग्राहकांची माहिती साठविण्याची रचना बदलली असेल, तर परत येणे अधिकच कठीण होते. हजेरीपटाचे नवे रकाने भरून झाल्यावर जुन्या हजेरीपटाकडे परतावे, तर मधल्या दिवसांच्या नोंदींचे काय? म्हणून जाणते लोक काही काळ जुने व नवे दोन्ही रकाने भरीत राहतात, आणि खात्री पटल्यावरच जुने बंद करतात.

पाचवी रीत मोजदादीची. किती यंत्रांवर काम करावयाचे होते आणि किती यंत्रांवर झाले, हे दोन आकडे शेवटी समोरासमोर मांडावे; आणि ते ज्याने काम केले त्याने नव्हे, तर दुसऱ्याने तपासावे. शक्य तेथे प्रती बसविण्याचे व पडताळण्याचे काम यंत्राकडेच सोपवावे, कारण एकच कृती आठ वेळा बिनचूक करण्यात यंत्र माणसापेक्षा विश्वासू असते. यंत्राने दिलेली सूचना मात्र कोणी वाचावयाची, हे माणसानेच ठरवावे लागते.

वरचेवर की क्वचित?

येथे एक शंका स्वाभाविक आहे. बदलात एवढा धोका असेल, तर बदल वर्षातून एकदाच का करू नये? पूर्वी पुष्कळ संस्था तसेच करीत. पण वर्षभराचे शेकडो बदल एका रात्रीत आणले, आणि काही बिघडले, तर दोष कोणत्या बदलात आहे हे शोधणे दुरापास्त होते. 2009 साली फ्लिकर या छायाचित्रांच्या सेवेतील जॉन ऑल्स्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी एका परिषदेत सांगितले की, त्यांच्याकडे दिवसातून दहाहून अधिक वेळा नवी आवृत्ती बसविली जाते. ऐकणाऱ्यांना तेव्हा हे धाडस वाटले. त्यामागील विचार सरळ होता : बदल लहान असेल तर तो समजतो, तपासता येतो आणि मागेही घेता येतो. शिवाय जे काम रोज करावे लागते त्याची भीती जाते व त्याची रीत घोटली जाते. रोज थोडा अभ्यास करणारा विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्यापेक्षा निश्चिंत असतो, तसेच हे आहे.

वेळही निवडावी लागते. बँकेत वर्षअखेरीस किंवा दुकानदाराच्या यंत्रणेत दिवाळीच्या गर्दीत मोठे बदल करीत नाहीत. तसेच आठवड्याच्या शेवटच्या सायंकाळी नवी आवृत्ती बसवू नये असा संकेत अनेक कार्यालयांत पाळतात. कारण काही बिघडले तर ते निस्तरावयास जाणती माणसे जागेवर नसतात.

उपसंहार

तुमच्यापैकी काहीजण पुढे हैदराबाद, बेंगळुरू, पुणे किंवा इंदूर येथे संगणकाच्या व्यवसायात जाल. तेथे नवी आज्ञावली लिहिण्याची हौस सर्वांनाच असते. पण केव्हातरी रात्री उशिरा, यादीतील यंत्रांवर एकामागून एक नवी आवृत्ती बसविण्याचे काम तुमच्याकडे येईल. ते काम हलके समजू नका. त्या यादीच्या पलीकडे कोणाचा पगार, कोणाचे तिकीट, कोणाच्या आईची शस्त्रक्रिया असते. त्यांना तुमचे नाव कधी कळणार नाही. त्यांचे काम अडले नाही, हीच तुमच्या कामाची पावती.

आणि जे या व्यवसायात जाणार नाहीत, त्यांनाही हा धडा उपयोगी आहे. नवे काही सुरू करताना जुने नीट आवरावे. एका खुणेला दोन अर्थ देऊ नयेत. पुढे जाण्यापूर्वी परतीची वाट पाहून ठेवावी. आपले काम दुसऱ्याने तपासले तर त्यात कमीपणा मानू नये. आणि आठ ठिकाणी जावयाचे असेल, तर सात झाल्यावर ‘झाले’ असे म्हणू नये.